रुमालाखालचा हात

सौदेसर बोलायला लागले की समोरच्याचा उजवा हात आपल्या हातात घेत आणि बोलणं संपेपर्यंत सोडत नसत. सांगलीच्या आमच्या कॉलेजात ते अर्थशास्त्र शिकवत आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी, त्यामुळे माझा हात दिवसातून चारदा जप्त व्हायचा. "चहा थंड होतोय हो," म्हटलं तरी सुटका नसे.

ही खोड त्यांना हळदीच्या बाजारातून लागली होती. सत्तरच्या दशकात हळदीचा भाव तिथे तोंडाने बोलत नसत. शेतकऱ्याचा माल विकून देणारा अडत्या हातावर रुमाल टाकून उभा राही. एकेक व्यापारी येई, रुमालाखाली त्याचा उजवा हात धरी आणि बोटं दाबून आपला भाव सांगे. डावा हात पुढे केलेला चालत नसे. कोणी किती भाव सांगितला, ते एका अडत्यालाच ठाऊक. सरांना प्रश्न पडला होता, असं झाकून ठेवण्यात शेतकऱ्याच्या पदरात जास्त पडतं, की चारचौघांत मोठ्याने बोली लावण्यात? त्यावरच ते सहा वर्षं प्रबंध लिहीत होते.

"जिंकणाऱ्याकडे सगळेच बघतात, मास्तर," ते म्हणत. "मला दुसरा आलेला दाखवा. त्यानं किती जोर लावला त्यावरच पहिल्याला किती मोजावं लागलं ते कळतं." कुस्तीच्या फडातसुद्धा लोक विजयी पैलवानाला खांद्यावर घेत आणि हे हरलेल्याच्या मागे. उंब्रजला एकदा असाच एक पैलवान वैतागून म्हणाला, "आवं, आदी पानी तर पिऊ द्या!" पुढे कितीतरी दिवस आम्ही सरांना त्यावरून चिडवत होतो.

बाजारात मात्र दुसरा कोण आला ते समजणं अवघड. ते समजलं पायगोंडाण्णांमुळे. आण्णा जुने अडते, बोलायला कंजूष. सर चार महिने त्यांच्या दुकानात नुसते बसून राहिले, तेव्हा कुठे ते म्हणाले, "या, हात घाला. पर रुमालाखालचं रुमालाखालीच ऱ्हायला पायजे. नावं कुटं जायची न्हाईत." त्या दिवसापासून प्रत्येक सौदा झाला की आण्णा सरांच्या हातावर रुमाल टाकत आणि सगळ्यांचे भाव दाबून सांगत. सरांना त्या रुमालाचा केवढा अभिमान!

तो मान त्यांनी साताऱ्यात घालवला. तिथल्या एका चर्चासत्रात सर बोलत होते, टाळ्या पडत होत्या. त्या भरात हळदीच्या एका ढिगाची हकीकत सांगताना, बोलीत दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या व्यापाऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून गेलं. लगेच जीभ चावली त्यांनी. पण आमची एसटी सांगलीला पोचण्याआधीच बातमी पोचली होती. दुसऱ्या दिवशी त्या व्यापाऱ्याने भर बाजारात आण्णांची अब्रू काढली. आम्ही माफी मागायला गेलो. आण्णा ओरडले नाहीत. "सर, रुमालाखालचं तुमी मायकावर बोललासा," एवढंच म्हणाले आणि रुमाल घडी करून खांद्यावर टाकला.

सर त्यानंतर बाजारात गेले नाहीत. प्रबंधाचे कागद ट्रंकेत गेले. दुसरा अडत्या गाठा, असं मी दहादा सुचवलं. "दुसऱ्याचा हात धरून ह्या हाताची माफी मिळते का हो?" ते म्हणाले आणि माझा हात त्यांनी सोडून दिला. मला ते फार लागलं.

दोन वर्षांनी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. मी धावतच आण्णांकडे गेलो. "सरांची वाचा गेली," एवढंच माझ्या तोंडून निघालं. आण्णा तसेच उठले. दवाखान्यात ते खाटेजवळ बसले आणि त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला. माझे डोळे भरून आले. दोघांच्या मध्ये आपण नको म्हणून मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

थोड्या वेळाने आण्णा मान खाली घालून, माझ्याशी न बोलता निघून गेले. मी आत गेलो तर सरांचा डावा हात पांघरुणाबाहेर आला होता आणि बोटं सारखी मिटत होती, उघडत होती. मी चमच्याने पाणी पाजलं. हात थांबेना, म्हणून आणखी पाजलं. तिसऱ्या दिवशी सर गेले.

कृष्णाकाठी चिता पेटल्यावर आण्णा माझ्याजवळ आले.

"मास्तर, मी हात दाबला त्येंचा. एकडाव न्हाई, तीनडाव. झालं गेलं इसरा, बरं वाटलं की बाजारात या म्हनलं. त्येंनी बोट बी हालवलं न्हाई. लय राग ऱ्हायला बगा मनात."

"कुठला हात धरलात, आण्णा?"

"उजवा. सौद्याला दुसरा कुटला धरत्यात?"

सरांची उजवी बाजूच लुळी पडली होती. मी त्यांना सांगितलं. ते सांगायला मला तीन दिवस उशीर झाला होता. आण्णांनी आपलाच उजवा तळहात उघडून बघितला.

"आन डावा?" त्यांनी विचारलं. "डावा हालत हुता?"

"हो. तुम्ही गेल्यावर. सर दाराकडे हात करून बोटं मिटत होते."

"मग तुमी काय क्येलं?"

"मला वाटलं, तहान लागलीय," मी म्हणालो. "मी त्यांना पाणी पाजलं."