काकूंच्या उशा

आमच्या काकूंनी उशा धुवायला काढल्या की काहीतरी घडायचंच. असे इतके किस्से साठलेत, की आम्ही भावंडं जमलो की बाकीचे विषय बाजूलाच पडतात! जालन्याचं घर, निजामाचं राज्य आणि रणरणता उन्हाळा. उशी उसवायची, कापूस उन्हात घालून पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यायचा आणि धुवायची फक्त खोळ, ही सगळ्या गावाची रीत. काकूंना ती पटत नसे. कापूस तसाच मळका राहिला, तर धुतलं काय?

*

काका कचेरीत कारकून. डोक्याला तेल इतकं चोपडत, की खोळ काळीकुळकुळीत. काकूंनी रिठ्याचं पाणी कितीदा बदललं, पण फेस म्हणून येईना.

काकू म्हणाल्या, "हिला वात लावा, राजूरच्या गणपतीपुढं वर्षभर दिवा जळंल!"

काका म्हणाले, "बिलकुल न्हाई! मंग मी झोपू कशावर?"

*

एकदा काकूंनी कापसासकट अख्खी उशी हौदात बुचकळली. वर काढायला दोन माणसं लागली! वाळल्यावर आत कापसाचे दगड झाले. काका जेवून आडवे झाले ते ताडकन उठले.

"ही उशी हाय का वरवंटा?"

"असंल वरवंटा, पण स्वच्छ हाय!"

*

पुढच्या उन्हाळ्यात धुतलेला कापूस माळवदावर पसरला आणि नेमकी वावटळ आली. सगळा कापूस शेजारच्या राधाबाईंच्या ओल्या पापडांवर!

"काकू, माझ्या पापडांला दाढी फुटली!"

"मंग तळता कशाला? न्हाव्याला बोलवा!"



*

पण खरी गंमत शेवंताच्या वेळची. शेवंता काकूंची एकुलती लेक. तिची दोन स्थळं मोडली होती, त्यामुळे काकूंच्या जिवाला घोर लागलेला. टेंभुर्णीहून तिसरं स्थळ येणार म्हणून त्यांनी घरातल्या सगळ्या उशा धुतल्या. अन् पाहुणे आले एक दिवस आधीच! कापूस ओलागच्च, खोळी रिकाम्या.

काकूंनी गोठ्यातलं पोतं उपसलं आणि म्हशीची सरकी खोळीत भरून तोंड शिवून टाकलं.

मुलाचे वडील जेवून ओसरीवर लवंडले. "उशी बराबर हाय. कडक," म्हणाले आणि घोरायला लागले.

तेवढ्यात म्हशीनं दावं तोडलं. सरकीचा वास तिला कळणार नाही तर कुणाला? तिनं खोळ टरकावली आणि पाहुण्यांच्या डोक्याखालून सरकी खायला सुरुवात केली. पाहुणे जागे झाले तेव्हा अर्धा पटका म्हशीच्या लाळेनं भिजला होता.

काकू दाराआड रडवेल्या. गेलं हेही स्थळ! काका हात जोडून उभे.

पाहुण्यांनी म्हशीकडे पाहिलं, फाटक्या खोळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "ज्या घरात पाव्हण्याच्या आधी जनावराची सोय बघत्यात, तिथली पोरगी आमाला पसंत हाय!"

काका लगबगीनं पुढे झाले. "पाव्हणं, दुसरी उशी आणू का?"

"नगं," पाहुणे पटका पिळत म्हणाले, "तिचं पोट भरलंय."