शेजारचे मोजत नाहीत

मंडळी, दुपारपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

माझे वडील, म्हणजे नाना, आणि आई आज शिंदखेड्याहून माझ्या जळगावच्या खोलीवर आले. मी लॅपटॉपवर एका प्रथिनाची रचना उघडून बसले होते. नानांनी विचारलं, "हाई काय शे?"

म्हटलं, "नाना, प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब माळ. ती दुमडली की लांबलांबचे मणी एकमेकांना भिडतात. कोण कोणाला भिडलं, ते मी शोधते."

"आनि शेजारना?"

"शेजारचे मोजत नाही. ते जोडलेलेच असतात, त्यात काय शोधायचं?"

नीट बघायला म्हणून नानांनी नुसता हात पुढे केला. आईने त्यांच्याकडे न बघताच चष्मा पदराला पुसून त्या हातात ठेवला.

नाना आईकडे बघून हसले. "आयकं का वं? जोडे ऱ्हातस त्यास्ले मोजतस नहीत!"

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली, "मी आठेच शे." म्हणजे, इथेच आहे.

ते गेल्यावर मी पुन्हा कामाला बसले. शेजारचे वगळायची ओळ प्रोग्राममध्ये तशीच आहे, ती लागतेच. पण शेजाऱ्यांनी हात सोडला, तर दुमडायला माळच उरणार नाही.

आज तुमचा चष्मा कोणी पुसला?