कढीपत्त्याला वळसा

घरात रंगकाम निघालं की थिनरच्या वासाने मला वाघोलीतलं ते आवार आठवतं. तिथला रंगाचा कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. जमिनीखालचं पाणी बिघडलंय का, हे तपासायला आम्ही नमुने घेण्यापुरत्या अरुंद बोअर पाडत होतो. काळा खडक फुटत होता आणि करडी भुकटी सगळ्यांच्या भुवयांवर बसली होती. कुंपणापलीकडे एक बाई हातपंपावर हंडा भरत होती. आमच्या बोअरला पाणी लागलेलं दिसताच तिने विचारलं, "गोड हाय का?" पहिलं पाणी बोअरवाल्याने चाखून सांगायचं, ही रीत तिला ठाऊक होती. आमच्या बोअरवाल्या काकांनीही सवयीने ओंजळ भरून तोंडाजवळ नेली. "अहो काका, नको," मी पुढे झाले, पण वासानेच ते थांबले होते. ओंजळ सोडून, हात पँटला पुसत म्हणाले, "हे तुमच्या बाटलीत भरा, मॅडम." अहवाल येईपर्यंत बाहेर काही बोलायचं नाही, असा आमचा नियम होता. म्हणून मी त्या बाईला म्हटलं, "तपासणी व्हायची आहे, आत्ता काही सांगता येणार नाही." तिने काकांच्या हाताकडे पाहिलं. मग भरलेला हंडा कमरेवर घेऊन, दारातल्या कढीपत्त्याला वळसा घालून ती गटारापर्यंत गेली आणि तिथे तो रिकामा केला. अहवाल यायला महिना लागला. त्यातले आकडे मी केव्हाच विसरले. तो वळसा मात्र विसरता येत नाही.