परीक्षकाची मोळी

मी सटवा. आष्टीच्या कॉलेजात चोवीस वर्सं शिपाई हाय. नोटीस बोर्ड माज्याच हातात. लई वर्सांमागं सुनिता नावाची पोरगी मायबापाबरुबर ऊस तोडाया गेलती. हजेरी भरली न्हाई म्हनून तिला परीक्षेला बसू दिलं न्हाई. ती यादी मीच चिकटवली. आज तीच आमच्याकडं मराठीची मॅडम हाय. मला अजून लाज वाटती, अन् ही बया रोज इचारती, "सटवाभाऊ, चहा झाला का?"

तर मॅडमनी टूम काढली. जी पोरं फडावर जात्यात, त्यांनी तिथले शब्द जमवायचे, अर्थ लिवायचा, सांगणाऱ्याचं नाव लिवायचं. हेच त्यांचं वर्गातलं काम. बाकीचे मास्तर हसले, "उसाच्या फडात बी.ए. व्हतं व्हय?" प्राचार्य म्हनले, बाहेरच्या परीक्षकानं मानलं तर ठीक, न्हाईतर फडावर चाललेल्या वैष्णवीचं वरीस गेलं.

वैष्णवीनं सहा म्हैन्यांत वही भरली. तोंडी परीक्षेला आपल्या आईला, छबुबाईलाबी घिऊन आली. परीक्षकानं वही चाळली.

"हे शब्द तर कुठल्याच कोशात नाहीत. खरे कशावरून मानायचे?"

पोरीचं तोंड पार वाळलं. आसं डोकं फिरलं म्हनता माजं!

छबुबाईनं पदर खोचला. "कोशात न्हाईत तर कोशाला इचारा की सायेब! माज्या पोरीला कावून इचारता?"

मॅडम हसल्या अन् मला पिटाळलं. रसवंतीवरनं दहा-पंधरा ऊस आणले, बाजारातनं वाढं, म्हंजी उसाचा हिरवा शेंडा. त्यानंच मोळी बांदत्यात.

"बांदा मोळी," छबुबाई म्हनली. "वहीत लिवलंय तसं."

सायबानं बाह्या सारल्या. गाठ मारली, मोळी उचलली अन् सगळे ऊस धडाधडा पायावर! आख्खं कॉलेज हसलं. सायेबच सगळ्यात जास्त.

मग छबुबाईनं वाढ्याला एकच पीळ दिला. "ह्या पिळाला आमच्यात नाव हाय. पान सात काडा." सायबानं काढलं, वाचलं. तवर तिनं मोळी त्यांच्या डोक्यावर ठिवलीबी. "चला आता. न्हाई सुटायची." आन् गडी खरंच प्राचार्यांच्या दारापर्यंत चालत गेला की! मोळी हालली न्हाई. तिथंच पेन मागून मार्क दिले.

निकालाच्या दिवशी मॅडम म्हनल्या, "सटवाभाऊ, वहीचं पहिलं पानबी बोर्डावर लावा." त्यावर लिवलं होतं, शब्द सांगणार: छबुबाई.

छबुबाई आलीच व्हती. तिला वाचता येत न्हाई. "मुकादमाच्या वहीत आमचा नवरा-बायकूचा मिळून एक कोयता, त्योबी मालकाच्याच नावावर आस्तोय," ती म्हनली. "हितं माजं कंचं?"

मी बोट ठिवलं. तिनं माजं बोट बाजूला सारलं, आपलं ठिवलं. लई येळ ठिवलं. मॅडमनी डोळे पुसले, मी उगंच डिंकाची बाटली धुंडत बसलो.

"चारी कोपरे चिकटव सटवाभाऊ," छबुबाई म्हनली. "वारं लई हाय."