धुतलेला पापुद्रा

माझी ताई फिल्म बनवते म्हटलं की लोक विचारायचे, हिरो कोण आहे? बावीस वर्षं तोच विनोद, आणि दरवेळी आम्ही हसायचं. तिची फिल्म म्हणजे पापुद्रा. कोळंबीच्या टरफलांपासून काढलेली भुकटी व्हिनेगरसारख्या आंबट पाण्यात विरघळवायची, त्यात मक्याच्या स्टार्चची खळ आणि पेरूच्या पानांचा अर्क घालायचा, बुडबुडे निघाले की काचेच्या ताटलीत ओतायचं आणि वाळलं की सोलून काढायचं. प्लॅस्टिकऐवजी यात खाण्याच्या वस्तू गुंडाळता येतील आणि पानांचा अर्क जंतू मारेल, अशी कल्पना. कल्पना चांगली आहे, मी नाही म्हणतच नाही.

ताई त्या प्रयोगशाळेत लागली ती बाटल्या धुवायला. पुढे ओतायला लागली, कारण तिच्यासारखा हात तिथल्या एकाही शिकलेल्याला नव्हता. त्यांचे पापुद्रे सोलताना चिंध्या व्हायच्या. ही टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी सारून पातळी जुळवायची आणि अख्खा पापुद्रा अलगद उचलायची. जो ओतेल त्याने वहीत लिहायचं आणि सही करायची, असा तिथला नियम. ताई सातवी शिकलेली. सही जमावी म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर महिनाभर गिरवत बसली होती. तिच्या सहीखालचं काम कोणी परत तपासत नसे, याचा तिला भारी अभिमान होता.

मग आले नवे साहेब. पापुद्रा वाळला की सोड्याच्या पाण्यात धुवायचा असतो, म्हणजे आतला आंबटपणा निघून जातो. पण धुतला की तो सुरकुततो, आणि वाळायला आणखी दोन दिवस जातात. पाव बनवणाऱ्या कारखान्याची माणसं बघायला येणार होती, म्हणून साहेब म्हणाले, धुवू नका. जंतू वाढवलेल्या बशीत पापुद्र्याचा तुकडा ठेवला, तर भोवती हे एवढं स्वच्छ वर्तुळ. जंतू साफ. साहेब हवेतच.

ताईच्या नाकाला मात्र आंबट वास आला. तिने न सांगता पानांचा अर्क नसलेला साधा तुकडा ठेवून पाहिला. वर्तुळ तेवढंच. मग दोन्ही तुकडे धुऊन पाहिले, आणि दोन्हींचं वर्तुळ गायब. म्हणजे जंतू मारत होतं ते आम्ल, पानं नुसती शोभेला. तिने दोन्ही बशा साहेबांपुढे नेऊन ठेवल्या. त्या गृहस्थाने त्या कचऱ्यात टाकायला लावल्या.

"मावशी, तुम्ही ओता. विचार करायला आम्ही आहोत," म्हणाला. वर हेही सांगितलं, की पाववाले वही बघतील, तेव्हा तीत 'फिल्म धुतली' असं लिहा आणि सही करा. नाहीतर या टेबलावर बसणारे दुसरे पुष्कळ आहेत.

ताई घरी आली ती ताटावरून तशीच उठली. तिच्यापुढे दोनच गोष्टी होत्या, सही तरी खोटी करायची, नाहीतर ते टेबल सोडायचं. आणि मी, तिची सख्खी धाकटी बहीण, काय म्हणाले? म्हणाले, कर ना बाई सही, एका शब्दाने आभाळ कोसळतंय का? आज आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

तिने लिहिलं, 'धुतली', आणि सही केली.

पाववाल्यांनी पापुद्र्याच्या गुंडाळ्या नेल्या आणि पाव भरून ठेवले. आधी पावाला आंबट वास लागला. चार दिवसांत बरंचसं आम्ल उडून गेलं आणि सहाव्या दिवशी पावावर हिरवी बुरशी. तक्रार आली, चौकशी बसली. साहेबाने काय करावं? वही उघडून पुढे सरकवली. बघा म्हणे, मी धुवायला सांगितलं होतं, इथे लिहिलंय धुतली, आणि पापुद्र्यात तर आम्ल सापडतंय. बाईंनी कामचुकारपणा केला. कागदावर त्याचं एक अक्षर चुकीचं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही.

चौकशीवाल्यांनी ताईला विचारलं, अक्षर तुमचंच ना?

"माझंच. धुतली नव्हती, तरी लिहिलं." साहेबांनीच लिहायला लावलं, हेही तिने सांगितलं. पुरावा मागितला. बशा तर कचऱ्यात गेलेल्या. शेजारच्या टेबलावरची शिकलेली मंडळी, जिच्या हातच्या पापुद्र्यांवर त्यांचे प्रबंध उभे राहिले, मूग गिळून बसली. साहेब चष्मा पुसत होता.

ताईला भांडारात टाकलं, रिकामे खोके मोजायला. वहीत आता दुसरी कोणी ओतणारी सही करते. मी रडत तिच्याकडे गेले, म्हटलं, माझ्यामुळे झालं गं. ती म्हणाली, "तुझं ऐकून नाही केली. मलाच त्या टेबलावरून उठायचं नव्हतं."

परवा घरी पार्सल आलं. माणूस दारात कागद आणि पेन घेऊन उभा. ताईने हात पुढे केला, मागे घेतला, आणि मला हाक मारली, "तू कर गं सही." मी केली, आणि पेन त्या माणसाच्या हातावर आपटलं. त्या बिचाऱ्याचा काय दोष होता?