तोंड लावून पाणी

बाबांच्या नाकातली नळी काढली आणि त्यानंतरचे काही दिवस आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडेच बघत होतो. अर्धांगाच्या झटक्यापासून पाणीसुद्धा त्या नळीतूनच जात होतं. आता पाणी पिताना ठसका लागत राहिला, तर ती परत घालावी लागणार होती.

गिळण्याचे व्यायाम घ्यायला कामोठ्याहून एक थेरपिस्ट घरी यायच्या. त्यांनी बाबांची दोन बोटं त्यांच्याच गळ्याच्या घाटीवर, म्हणजे कंठमण्यावर, ठेवली.

"गिळताना ही वर जाते ना, काका? वर गेली की तिथेच धरून ठेवायची. दोन आकडे मोजा, मग सोडा."

घाटी वर आणि जराशी पुढे सरकते तेव्हाच तिच्या मागचं अन्ननलिकेचं तोंड उघडतं, असं त्यांनी मला सांगितलं. घाटी जितका वेळ वर, तितका वेळ वाट मोकळी. त्या गेल्यावर मी बाथरूमच्या आरशासमोर आवंढे गिळत उभी राहिले. घाटी वर धरून ठेवणं वाटतं तितकं सोपं नाही.

त्यांच्यासमोर बाबा हनुवटी खाली घेऊन कपाने व्यवस्थित प्यायचे. त्या गेल्या की ठसका. आई म्हणायची, धूळ किती आहे बाहेर, त्याचंच असेल. चौथ्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. बाबांनी फुलपात्र उचललं, मान मागे टाकली आणि वरून धार सोडली.

आमच्याकडे सगळे असंच पितात. ओठ लागला की भांडं उष्टं. पण मान मागे गेली की गळा ताणला जातो आणि घाटीला वर सरकायला वावच राहत नाही. मला ते दिसत होतं, पण बोलवेना. बाबांना मी कधी काही शिकवलेलं नव्हतं.

दुपारी आत्या आली. तिच्यासमोरच बाबांना पुन्हा ठसका लागला, चेहरा लाल झाला.

"बाबा, वरून नका पिऊ," मी कशीबशी म्हणाले.

"मग काय बाळासारखं चोखायचं?" आत्या म्हणाली. "माझ्या भावाने जन्मात भांडं उष्टं केलं नाही. तुमच्या इंग्लिश शाळेत शिकवत असतील हे."

बाबा फरशीकडे बघत राहिले.

मी आत जाऊन दोन फुलपात्रं भरून आणली. एकाला सगळ्यांदेखत तोंड लावलं आणि सगळं पाणी प्यायले. दुसरं बाबांच्या हातात दिलं.

"अगं बाई!" आत्या म्हणाली.

बाबांनी बहिणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हनुवटी खाली घेतली, ओठ लावले. घाटी वर गेली. थांबली. मी मनात एक, दोन मोजलं. खाली आली. आई, आत्या आणि मी, तिघी वाट बघत होतो.

ठसका आला नाही.

"अजून दे," बाबा म्हणाले.

"द्या, द्या," आत्या म्हणाली. "पण ही दोन आता वेगळी ठेवा हं, बाकीच्यांत मिसळू नका."

नळी परत घालावी लागली नाही. आईने माझंच नेलपॉलिश घेऊन दोन्ही फुलपात्रांच्या बुडाला लाल ठिपका दिला.