रिकाम्या ट्यूबची पिशवी

"अ‍ॅटोपिक डर्मटायटिस. सीव्हियर," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

सई तेव्हा सहा वर्षांची होती. तपासायच्या टेबलावर बसून ती गुडघ्यामागे खाजवत होती. मी तिचा हात धरला, तर ती दुसऱ्या हाताने खाजवायला लागली. तोही धरला, तर पायावर पाय घासायला लागली. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "रोकिए मत उसे. उसके बस में नहीं है."

असं काही कानावर पडलं की हातपाय गळतात, रडू कोसळतं, असं मी ऐकून होते. मला काहीच झालं नाही. समोरच्या भिंतीवर हात कसे धुवावेत याचं चित्र होतं, ते मी सगळं वाचून काढलं. माझा नवरा संदीप विचारत होता, "ठीक हो जाएगा ना, डॉक्टर?" त्या म्हणाल्या, "कंट्रोल होगा, बिल्कुल होगा. जड़ से जाएगा, ये मैं नहीं कहूँगी." आम्ही थँक यू म्हणून बाहेर आलो आणि सईला फ्रूटी घेऊन दिली.

हे लिहितेय ते ज्यांच्या घरात आज असं मूल आहे त्यांच्यासाठी. उपदेश करायला नाही. मी कुणाला उपदेश करावा अशी माझी लायकी नाही, ते पुढे कळेलच.

आधी आजार सांगते. अ‍ॅटोपिक डर्मटायटिस म्हणजे आपण ज्याला एक्झिमा म्हणतो, त्यातलाच लहानपणी सुरू होणारा प्रकार. कातडीचा बाहेरचा थर मुळातच कच्चा असतो. आतली ओल उडून जाते, बाहेरची धूळबीळ आत शिरते, आणि कातडी सुजून खाज सुटते. खाजवलं की तो थर आणखी फाटतो. हा आजार शिवल्याने पसरत नाही. हे शेवटचं वाक्य मी शाळेत, लिफ्टमध्ये, मेट्रोत इतक्यांदा म्हटलंय की झोपेतून उठवलं तरी म्हणेन. एकदा मेट्रोत शेजारच्या बाईने सईचे हात पाहून ओढणी स्वतःकडे ओढून घेतली. मी पाठ असलेलं वाक्य म्हटलं. ती "अच्छा" म्हणाली आणि पुढच्या स्टेशनला उठून लांब जाऊन उभी राहिली.

आम्ही दिल्लीत, द्वारकेत राहतो. संदीप गुडगावला नोकरी करतो. मी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका ऑफिसात आवक-जावक बघते, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कागदाची नोंद. पूर्ण वाचल्याशिवाय मी कशावरही सही करत नाही. त्यावरून ऑफिसात माझी भरपूर चेष्टा होते. "मॅडम पोस्टाचं तिकीटही वाचतात," असं म्हणतात.

डॉक्टरबाईंनी उपचार अगदी समजावून सांगितले होते. कोमट पाण्याने थोडकी अंघोळ, अंग टिपून घेतल्या घेतल्या मॉइश्चरायझरचा जाड थर. लोकर थेट अंगाला लागू द्यायची नाही, शाळेच्या स्वेटरखाली सुती शर्ट. कुणाच्या सांगण्यावरून दूध, अंडी, गहू बंद करायचं नाही. (आम्ही आधीच केलं होतं. शेजारच्या काकूंनी सांगितलं, आम्ही ऐकलं. पोर वाळली आणि खाज होती तिथेच राहिली.) आणि मुख्य औषध म्हणजे टॉपिकल स्टेरॉइड, कातडीची सूज उतरवणारं मलम. चेहऱ्याला सौम्य, अंगाला जरा जोरकस. किती लावायचं त्याचं माप फिंगरटिप युनिट: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंत मलमाची एक पट्टी. तेवढ्यात मोठ्या माणसाच्या, बोटांसकट, दोन तळव्यांएवढी जागा होते.

त्यांची आणखी एक पद्धत होती. दर खेपेला रिकाम्या झालेल्या ट्यूब पिशवीत घालून आणायच्या. त्या ट्यूब टेबलावर ओळीने मांडत आणि कागदावर आकडा टाकत. "इससे मुझे पता चलता है कि दवा गई कितनी."

आता माझी गोष्ट.

मला एक मावशी होती, सावळी. बघण्याचे कार्यक्रम फिसकटायला लागले तेव्हा कुणीतरी तिला गोरं होण्याचं क्रीम दिलं. ती खरंच उजळली, लग्नही झालं. मग क्रीम सोडलं की चेहरा पेटायचा, म्हणून ते तिने सोडलंच नाही, वर्षानुवर्षं. त्यात स्टेरॉइड होतं हे खूप उशिरा कळलं. तोवर तिची कातडी कांद्याच्या सालीसारखी झाली होती, खालच्या लाल रेषा मोजता येत होत्या. उन्हात बाहेर पडताना ती तोंड पूर्ण झाकून घ्यायची. मी तिच्या मांडीवर खेळलेय. तो चेहरा मी अगदी जवळून पाहिलाय.

चिठ्ठीवर स्टेरॉइड हा शब्द वाचला आणि माझ्या डोक्यात मावशी येऊन बसली. डॉक्टरबाईंना विचारायला हवं होतं, पण विचारलं नाही. एवढ्या शिकलेल्या बाईला माझी मावशी काय सांगायची, असं वाटलं. घरी आले, ट्यूब उघडली, मुगाच्या दाण्याएवढं मलम बोटावर घेतलं आणि तेवढंच सगळ्या अंगाला पुरवलं.

त्यानंतरच्या पहिल्या खेपेला जायची वेळ आली तेव्हा ट्यूब भरलेलीच होती. शनिवारची सकाळ, संदीप गाडी काढायला खाली गेला होता. मी बाथरूममध्ये गेले, ट्यूब बेसिनमध्ये पिळली, नळ सोडला. मलम तेलकट, जाता जाईना. बोटाने ढकलून जाळीतून घालवलं. मग रिकामी ट्यूब नीट गुंडाळून पिशवीत टाकली.

डॉक्टरबाई खूश झाल्या. "व्हेरी गुड, ममा."

दर तीन आठवड्यांनी मी हेच करत राहिले. दिवाळी आली. दिल्लीची हवा त्या दिवसांत कशी होते ते इथल्यांना सांगायला नको. सईच्या कोपरांत भेगा पडल्या. सकाळी तिच्या चादरीवर रक्ताचे ठिपके आणि कातडीचा पांढरा भुसा असायचा. मी तो हाताने गोळा करायची, चादर बदलायची, डबे भरायची, मेट्रो पकडायची. ऑफिसात बायका विचारायच्या, "कशी आहे लेक?" मी म्हणायची, "ठीक." दाढ काढायच्या आधी सुई टोचल्यावर गाल जसा होतो, तशी मी सगळीच झाले होते. माझाच गाल, पण चावला तरी कळत नाही. मला रडू येत नव्हतं, आणि येत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

पौषात भेगांवर पिवळी खपली धरली. इन्फेक्शन. अँटिबायोटिक झालं. डॉक्टरबाईंनी मलम आणखी जोरकस दिलं. तेही बेसिनमध्ये गेलं. मला काय म्हणायचं ते म्हणा.

त्यानंतरच्या खेपेला त्या बराच वेळ कागद चाळत बसल्या. सई टेबलावर होती, पण तिने खाजवायचंही सोडलं होतं. नुसती बसली होती. तिचं वजन कमी झालं होतं. "आपने सब कुछ ठीक किया," त्या मला म्हणाल्या. "इतनी ट्यूब्स! फिर भी बच्ची रिस्पॉन्ड नहीं कर रही. अब हमें आगे जाना पड़ेगा."

आगे म्हणजे सायक्लोस्पोरिन. शरीराची प्रतिकारशक्तीच आवरून धरणारं पोटातून घ्यायचं औषध. त्याने मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, रक्तदाब वाढू शकतो, म्हणून सारख्या तपासण्या. ते नाही चाललं तर बायोलॉजिक, म्हणजे खाजेचा निरोप वाटेतच अडवणारी इंजेक्शनं. ही औषधं वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. कित्येक मुलांना ती लागतात आणि त्यांनी ती मुलं सुखाने झोपतात. त्या दिवशी सईचं रक्त घेतलं. तिने हात पुढे केला आणि दुसरीकडे बघितलं. ती रडली नाही. रिपोर्ट आले, सगळं ठीक होतं, आणि माझ्यापुढे संमतीचा कागद आला.

संदीपने वरवर बघून सही केली आणि पेन माझ्याकडे दिलं. मी सवयीने पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. पाचव्या-सहाव्या ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं: लावण्याची औषधे पुरेशा प्रमाणात आणि पुरेसा काळ वापरूनही रुग्णास गुण आलेला नाही.

ती ओळ मी तीनदा वाचली.

"चल ना, कर सही," संदीप म्हणाला. "इथे तरी सोड ती ऑफिसची सवय."

"ही ओळ खोटी आहे," मी म्हटलं.

डॉक्टरबाईंनी वर बघितलं. मी हिंदीत सगळं सांगितलं. मूग, बेसिन, मावशी. आवाज अगदी सरळ होता माझा, कुणाच्या तरी पत्राचा जावक क्रमांक सांगावा तसा.

"आप समझ रही हैं, मैं बच्ची को क्या शुरू करने वाली थी?" त्यांचा आवाज चढला. मग त्यांनी फॉर्म माझ्या हातून घेतला, त्यावर आडवी रेघ मारली आणि चष्मा काढून डोळे चोळले. "मैं ट्यूब गिनती रही. ये नहीं पूछा कि डर लगता है क्या. पूछना चाहिए था."

मग त्यांनी मावशीचं सगळं विचारून घेतलं. किती वर्षं, कुठे, कुणाच्या सांगण्यावरून. म्हणाल्या, तुमच्या मावशींनी जोरकस औषध नाजूक चेहऱ्यावर, वर्षानुवर्षं, कुणाच्या देखरेखीशिवाय लावलं. इथे आपण दिवस मोजून लावणार, सूज उतरली की कमी करत आठवड्यातून दोनदावर आणणार, आणि मी दर खेपेला कातडी बघणार आहे. मी हे तेव्हाच विचारलं असतं तर उत्तर दहा मिनिटांत मिळालं असतं. मी चार महिने घालवले. माझे नव्हे, सईचे.

गाडी घराजवळ, उत्तमनगरला आली तेव्हा संदीपने विचारलं, "मला पण नाही सांगितलंस?" मी मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधली. "माझंही चुकलंच म्हणा," तो म्हणाला. "मी एकदाही लावलं नाही तिला. ते तुझं खातं धरून चाललो."

सईला पाच दिवस हॉस्पिटलात ठेवलं, वेट रॅपसाठी. म्हणजे मापाने मलम आणि वर मॉइश्चरायझर लावायचं, त्यावर कोमट पाण्यात भिजवून पिळलेले सुती कपडे आणि त्यावर कोरडे कपडे. औषध आत मुरतं, खाज थंडावते. (हे मनाने घरी करू नका, डॉक्टरांना विचारूनच.) केरळच्या एक सिस्टर होत्या, त्या तर्जनीवर पट्टी घेऊन घेऊन असं लावायच्या की बघताना मी मनात म्हणायची, एवढं! तिसऱ्या दिवशी सईच्या कोपरांतल्या भेगा मिटायला लागल्या होत्या.

त्या दुपारी सिस्टरनी नवी ट्यूब फोडली. सई म्हणाली, "ये पूरी मेरी है?"

"और किसकी? पूरी तेरी," सिस्टर म्हणाल्या आणि ओले कपडे आणायला गेल्या.

सईने मला खुणेने जवळ बोलावलं. हळूच म्हणाली, "आई, इथल्या बेसिनला नाही लावायचं ना?"

मी पलंगावर बसले. "तू बघितलं होतंस?"

"हो. दरवाजा थोडा खुला असतो ना."

"मग बाबाला का नाही सांगितलंस? डॉक्टरांना?"

"तू रडायची ना तेव्हा," सई म्हणाली. "मला वाटलं, सांगितलं तर और रडशील."

मला रडू येत नव्हतं, हे मी वर लिहिलंय. ते खोटं नव्हे. मला खरंच ठाऊक नव्हतं. नळ चालू असायचा, हात ओले असायचे, मी आरशात बघायचीच नाही. माझ्या सहा वर्षांच्या पोरीने चार महिने स्वतःची खाज सोसली, कारण बेसिनपाशी तिची आई रडत होती. त्या दुपारी मात्र मला कळलं की मी रडतेय. सिस्टर परत आल्या, काही न विचारता त्यांनी ओल्या कपड्यांतलाच एक माझ्या हातात दिला.

त्याला आता वर्ष होऊन गेलं. सई बरी झाली असं नाही म्हणणार. हवा बिघडली की कोपर लाल होतात, परीक्षेच्या आधी मान खाजते. सायक्लोस्पोरिन लागलं नाही. पुढे लागलंच तर देऊ, आणि तेव्हा सही करताना ती ओळ खरी असेल. सकाळी मी लावते, संध्याकाळी संदीप. डॉक्टरबाई आता ट्यूब मांडायच्या आधी घरच्यांना विचारतात, "डर किस बात का है?" त्यांचे आभार कसे मानायचे मला समजत नाही. तुम्हाला एवढंच सांगते, तुमच्या डोक्यात जी कुणी मावशी बसली असेल, तिला दवाखान्यात घेऊन जा. पहिल्याच दिवशी.

परवा ट्यूब संपली. मी कात्रीने ती उभी कापली आणि आतलं उरलेलं बोटाने पुसून घेतलं. सई बाथरूमच्या दारात उभी होती. आता ती दार पूर्ण उघडते.

"रडतेयस?"

"नाही गं."

तिने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं, नीट बघितलं, आणि मग हात पुढे केला.